चीज फुटू नये म्हणून

एखादी गोष्ट आपण वर्षानुवर्षे बिनचूक करीत असतो आणि एके दिवशी कळते, की त्या बिनचूकपणाचे श्रेय आपले नव्हतेच. माझ्या बाबतीत हे ‘वेल्श रेअरबिट’ नावाच्या एका ब्रिटिश पदार्थामुळे घडले. पदार्थ अगदी साधा आहे. पावाचा काप भाजायचा, त्यावर चीजचा दाट, गरम सॉस घालायचा आणि वरून पुन्हा थोडे शेकायचे. मी हा पदार्थ दुकानात सहज मिळणारी चीजची वडी वापरून करीत असे. चीजचे तुकडे दुधात टाकावेत, शेगडी मोठी करावी, चमच्याने ढवळावे, की झाले! मैदा घालायला, आच मंद ठेवायला पुस्तकात सांगितलेले असे. पण त्या सूचना मला उगाच वाढवलेल्या वाटत. माझा सॉस त्यांच्याविनाही छान होत असे.

पुढे वेल्सची राजधानी कार्डिफ येथे राहणारा माझा पुतण्या सुट्टीला घरी आला, तेव्हा त्याने चेडर चीजचा एक मोठा तुकडा आणला. “काका, आज तुमचे ते रेअरबिट होऊन जाऊ दे,” तो म्हणाला. मीही ऐटीत नेहमीच्या पद्धतीने कामाला लागलो. पाच मिनिटांतच पातेल्याच्या तळाशी रबरासारखा एक चिवट गोळा तयार झाला. त्याच्याभोवती पिवळे तेल तरंगत होते आणि त्याखाली गढूळ पाणी. मी जोराने ढवळले, तर गोळा चमच्यालाच गुंडाळला गेला. टोस्ट तयार होते, चार माणसे पाने घेऊन बसली होती. शेवटी सर्वांनी टोस्टला लोणी लावून खाल्ले. पुतण्या काहीच बोलला नाही, हे मला अधिक लागले.

पातेले तेच, शेगडी तीच, हातही तोच. मग बिघडले कुठे? या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा ज्या सूचना मी निरर्थक समजत होतो, त्यांतील प्रत्येकीला कारण आहे असे दिसून आले. ती कारणे आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. सोबत पदार्थाची कृतीही देणार आहे. पण आधी त्याच्या विचित्र नावाबद्दल थोडेसे.

या पदार्थाचे मूळ नाव ‘वेल्श रॅबिट’, म्हणजे वेल्समधला ससा! ते १७२५ पासून लेखी आढळते. त्यात ससा औषधालाही नसतो. वेल्समधल्या गरिबाला सशाचे मांस परवडत नाही, तो चीजलाच ससा म्हणतो, अशी ही इंग्रजांनी केलेली थट्टा असावी, असे सामान्यतः मानतात. ‘रेअरबिट’ हे रूप १७८५ च्या सुमाराचे. थट्टा विसरली गेल्यावर कुणीतरी नाव ‘सुधारून’ घेतले. हेन्री फाउलर या प्रसिद्ध भाषातज्ज्ञाने १९२६ साली आपल्या इंग्रजी भाषेवरील कोशात ‘रॅबिट’ हेच बरोबर असे ठामपणे नोंदवले; तरी हॉटेलांच्या यादीत रेअरबिटच टिकून राहिले. अशा थट्टेच्या नावांचे आपल्याला नवल वाटायला नको. आपल्या कोकणपट्टीतल्या सुक्या बोंबलाला इंग्रजांनी ‘बॉम्बे डक’, म्हणजे मुंबईचे बदक, असे नाव देऊन ठेवले आहेच की!

वेल्श माणसाला भाजलेल्या चीजची आवड मात्र खरीच फार जुनी आहे. त्यांच्या भाषेत त्याला ‘कॉस पोबी’ म्हणतात. १५२६ मध्ये छापलेल्या विनोदी गोष्टींच्या एका इंग्रजी पुस्तकात एक मजेदार गोष्ट आहे. स्वर्गात वेल्श लोकांची गर्दी झाली आणि त्यांच्या बडबडीने सारे हैराण झाले. तेव्हा स्वर्गाचे द्वारपाल सेंट पीटर दाराबाहेर गेले आणि “कॉस पोबी!” असे मोठ्याने ओरडले. भाजलेल्या चीजच्या आशेने सारे वेल्श बाहेर धावले. पीटरनी आत येऊन दार लावून घेतले.

हॅना ग्लास या लेखिकेने १७४७ साली प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात वेल्श रॅबिटची कृती आहे. तीत सॉस नाहीच. चीजचा काप विस्तवासमोर भाजायचा, तो टोस्टवर ठेवायचा, तापलेल्या लोखंडाने वरून तांबूस करायचा आणि मोहरी चोळायची, एवढेच. चीज पातेल्यात वितळवून त्याचा गुळगुळीत सॉस करण्याची पद्धत त्याहून कठीण. आपली गंमत तिथेच सुरू होते.

चीज म्हणजे एक जाळे

दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन या प्रकारचे असते. केसीनचे रेणू दुधात सुटे फिरत नाहीत. त्यांचे हजारोंच्या संख्येने पुंजके बनलेले असतात. असा एक पुंजका मिलिमीटरच्या साधारण दहा-हजाराव्या भागाएवढा असतो. त्याला आतून बांधून ठेवण्याचे काम कॅल्शियम आणि फॉस्फेट करतात. पुंजक्याच्या पृष्ठभागावर मात्र केसीनच्याच एका प्रकारची लवदार टोके बाहेर आलेली असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्यामुळे दोन पुंजके जवळ आले तरी एकमेकांना दूर लोटतात. म्हणूनच दूध हे दूध राहते.

चीज बनवताना दुधात रेनेट घालतात. त्यातील कायमोसिन नावाचे एन्झाइम, म्हणजे विकर, ही लवदार टोके कापून टाकते. संरक्षण गेले, की पुंजके एकमेकांना चिकटतात आणि कॅल्शियमच्या पुलांनी जोडलेले केसीनचे एक अखंड जाळे तयार होते. या जाळ्यात दुधातील स्निग्धांशाचे थेंब आणि पाणी अडकून बसते. निवळी काढून टाकली, मीठ घातले, दाबून ठेवले आणि काही महिने मुरू दिले, की झाले चेडर. (पूर्वी रेनेट वासराच्या जठरापासूनच मिळवीत. आता सूक्ष्मजीवांकडून मिळवलेले रेनेटही मोठ्या प्रमाणावर वापरतात. शाकाहारी वाचकांनी वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा.)

१०० ग्रॅम चेडरमध्ये पाणी सुमारे ३७ ग्रॅम, स्निग्धांश ३३-३४ ग्रॅम आणि प्रथिने २५ ग्रॅम असतात. हे आकडे जरा बारकाईने पाहा. हातात घेतल्यावर घट्ट लागणाऱ्या या पदार्थाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग पाणी आहे आणि एक तृतीयांश तेलकट आहे! तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांना शेजारी शेजारी नांदवणारे जे काही आहे, ते म्हणजे उरलेल्या पाव भागातले प्रथिनांचे जाळे. ते जाळे बिघडले, की संसार मोडला.

आता चीज तापवू या. ३०-४०° से. या तापमानापर्यंत आतला स्निग्धांश वितळतो. म्हणून उन्हाळ्यात बाहेर राहिलेले चीज तुकतुकीत दिसते. ६५° से.च्या आसपास चेडरच्या जाळ्यातले बंध सैल होतात, केसीनचे धागे एकमेकांवरून सरकू लागतात आणि चीज वाहू लागते. आपल्याला हवी ती हीच अवस्था. पण आपण इथे थांबलो नाही तर? तापमान ९०° से.कडे आणि पुढे जाते तसे केसीनचे धागे एकमेकांना अधिकाधिक घट्ट चिकटतात. जाळे आकसते आणि ओला टॉवेल पिळावा तसे आतले पाणी पिळून बाहेर टाकते. वितळलेला स्निग्धांशही सुटतो. राहतो तो प्रथिनांचा चिवट गोळा. माझ्या पातेल्यात नेमके हेच झाले होते. एकदा आकसलेले जाळे नुसते थंड केल्याने पुन्हा सैल होत नाही, हेही लक्षात ठेवा.

तव्यावरचा एक प्रयोग

घरातील मोठ्या माणसाला सोबत घेऊन हा प्रयोग जरूर करा. पनीर, चेडर आणि दुकानातली नेहमीची, वेष्टनावर ‘प्रोसेस्ड’ असे लिहिलेली चीजची वडी यांचे सारख्या आकाराचे तीन तुकडे घ्या. चेडर न मिळाल्यास पिझ्झ्यासाठीचे मोझरेला चालेल. कोरडा तवा मंद आचेवर ठेवून तिन्ही तुकडे दूर दूर मांडा आणि दर मिनिटाला काय दिसते ते वहीत लिहा.

पनीर खालून तांबूस होईल, पण वितळणार नाही. चेडर पसरेल, बुडबुडे येतील आणि थोड्या वेळाने त्याच्याभोवती तेलाचे तळे साचेल. वडीचे चीज मऊ पडेल, पण त्यातून तेल असे फारसे सुटणार नाही.

पनीरचे उत्तर सोपे आहे. ते रेनेटने नव्हे, तर उकळत्या दुधात लिंबाचा रस किंवा दुसरे आम्ल घालून करतात. आम्लामुळे पुंजक्यांतले बरेचसे कॅल्शियम विरघळून निवळीबरोबर निघून जाते आणि केसीनचा ऋण विद्युतभारही नाहीसा होत जातो. मग केसीनचे रेणू कॅल्शियमच्या पुलांशिवाय थेट एकमेकांना भिडतात. तापवल्यावर सैल पडावे असे काही तिथे उरतच नाही. उलट, पाणी निघून जाऊन पनीर अधिक घट्ट होते. म्हणून तर पालकाच्या भाजीत पनीरचे चौकोन चौकोनच राहतात. चेडर का फुटले, हेही आपण पाहिले. मात्र तिसऱ्या तुकड्याचे कोडे जरा बाजूला ठेवू या. ते शेवटी सोडवू.

आता कृती

दोन-तीन कापांसाठी एवढे साहित्य घ्या : १०० ग्रॅम चेडर, दोन चहाचे चमचे लोणी, एक मोठा चमचा सपाट मैदा, पाव कप म्हणजे सुमारे ६० मिलिलिटर दूध, अर्धा चहाचा चमचा मोहरीची पूड, मिरपूड आणि पावाचे जाड काप. मीठ घेऊ नका. चेडरमध्ये ते भरपूर असते. ब्रिटनमध्ये दुधाऐवजी किंवा दुधाबरोबर बिअर घालतात. तिच्यामुळे किंचित कडवट चव येते. दुधानेही सॉस उत्तम होतो आणि आपण दूधच वापरणार आहोत. तिकडे वुस्टर सॉसचेही काही थेंब टाकतात. त्यात आपल्या ओळखीची चिंच असते, तशीच खारवलेली मासळीही असते; तेव्हा शाकाहारी घरात तो वगळावा.

सर्वांत आधी मोहरीची पूड चमचाभर गार पाण्यात कालवून दहा मिनिटे बाजूला ठेवा. गारच पाणी का? मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचा पदार्थ एका ठिकाणी आणि मायरोसिनेज नावाचे विकर दुसऱ्या ठिकाणी, असे वेगवेगळे साठवलेले असतात. दाणा फुटला आणि पाणी मिळाले, की दोघांची गाठ पडते आणि नाकात झिणझिण्या आणणारे ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होते. लोणच्यासाठी आजी पाणी घालून मोहरी फेसते, तेव्हा साऱ्या घराला ठसका लागतो तो यामुळेच. उलट, फोडणीत तडतडलेली मोहरी मुळीच झोंबत नाही. कारण तापलेल्या तेलात ते विकर पहिल्या क्षणीच निकामी होते. म्हणजे उकळत्या सॉसमध्ये कोरडी पूड टाकली तर मोहरीचा तिखटपणा जन्मालाच येणार नाही. आधी गार पाण्यात त्याला जन्म घेऊ द्यायचा आणि मग सॉसमध्ये न्यायचे. मोहरीच्या पुडीचे बारीक कण आणि तिच्या टरफलातला चिकट पदार्थ तेलाच्या थेंबांभोवती बसून त्यांना एकत्र येण्यापासून थोडेफार अडवतात, हा आणखी एक फायदा. पण मुख्य काम मोहरीचे नव्हे, मैद्याचे आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळवून त्यात मैदा घाला आणि मंद आचेवर मिनिटभर परता. मैद्याचा प्रत्येक कण लोण्याने माखला जाऊन सुटा होतो. असे न करता मैदा थेट गरम दुधात टाकला, तर कणांच्या पुंजक्याला बाहेरून चिकट कवच येते, आतला मैदा कोरडाच राहतो आणि गुठळ्या होतात. पिठल्यात बेसन गडबडीने टाकल्यावर जे होते, तेच. आता दूध थोडे थोडे घालत ढवळत राहा आणि मिश्रणाला एक उकळी येऊ द्या. गव्हातील पिष्टाचे कण ६०° से.च्या आसपास पाणी शोषून फुगू लागतात. तापमान वाढेल तसे ते आणखी फुगतात आणि त्यांतून पिष्टाच्या लांब साखळ्या बाहेर पडतात. मिश्रण दाट होते ते यामुळे. हा दाटपणा चीज घालण्यापूर्वीच यायला हवा, कारण चीज घातल्यावर आपल्याला उकळी काढता येणार नाही.

हे पिष्ट चीजचे रक्षण कसे करते? त्याचे फुगलेले कण आणि लांब साखळ्या केसीनच्या धाग्यांमध्ये आणि स्निग्धांशाच्या थेंबांमध्ये शिरून अडथळा निर्माण करतात. गर्दीच्या रस्त्यात दोन मित्र एकमेकांना पाहतात, पण मधल्या माणसांमुळे जवळ येऊ शकत नाहीत, तसा हा प्रकार. केसीनला केसीन चिकटेनासे झाले, की गोळा होत नाही. थेंबाला थेंब मिळेनासा झाला, की तेल वर येत नाही. तेलाचे बारीक थेंब पाण्यात असे विखुरलेले राहतात, त्या मिश्रणाला शास्त्रीय भाषेत पायस म्हणतात. आणि हे सारे तुमच्या घरी अनोळखी नाही. ताकाची कढी करताना आई ताकाला आधी बेसन लावते आणि मगच पातेले शेगडीवर चढवते. बेसन विसरले, की कढी फुटते. तिथे फुटते तेही केसीनच आणि त्याला वाचवते तेही पिष्टच! कार्डिफचा स्वयंपाकी मैदा वापरतो आणि आपण बेसन, एवढाच काय तो फरक. चीज वितळवताना मैदा मी अनावश्यक मानला, पण बेसनाविना कढी करण्याचे धाडस मी कधी केले नसते.

आता पातेले शेगडीवरून खाली उतरवा. अर्धा-एक मिनिट थांबा आणि किसलेले चीज मूठमूठ घालत ढवळा. आधीची मूठ विरघळल्याशिवाय पुढची घालू नका. चीज किसायचे कशासाठी, याचे उत्तर गणितात आहे. २ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ २४ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे २ मिलिमीटर बाजूचे घन केले तर १,००० तुकडे होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ होते २४० चौरस सेंटिमीटर. म्हणजे उष्णता आत शिरायला दहापट वाट मिळाली! जाड तुकड्याचे बाहेरचे अंग फुटण्याइतके तापते, तेव्हा आतला भाग अजून गारच असतो. किसलेले चीज मात्र पातेल्यातल्या उरलेल्या उष्णतेनेच वितळते. मिश्रण फारच गार झाले तर पातेले क्षणभर अगदी मंद आचेवर धरावे, पण बुडबुडे येऊ देऊ नयेत. शेवटी कालवलेली मोहरी आणि मिरपूड घाला. (तापमान मोजायची हौस असेल तर स्वयंपाकाचा तापमापक वापरा. शाळेच्या प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक अन्नात मुळीच बुडवू नये.)

चीज कोणते घ्यावे यालाही महत्त्व आहे. मुरताना चीजमधील विकरे केसीनच्या लांब धाग्यांचे तुकडे करीत असतात. म्हणून अगदी ताजे चीज वितळल्यावर तारा धरते, तर काही महिने मुरलेले चीज सहज मिसळते. पिझ्झ्यावर तारा हव्यात, रेअरबिटमध्ये नकोत. फार जुने चीज मात्र लवकर तेल सोडते. वेल्समधील एका गावाचे नाव मिरवणारे कॅरफिली नावाचे चीज आहे, पण ते कोवळे, आंबटसर आणि भुसभुशीत असते. वेल्सचा अभिमान सांभाळायचा असेल तर ते थोडे घालावे, पण सॉस चेडरवरच उभा करावा, असे माझे मत आहे.

पावाचे काप दोन्ही बाजूंनी चांगले कडक भाजून घ्या. १४०° से.च्या पुढे पावातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात झपाट्याने क्रिया होऊन तांबूस रंगाची आणि खमंग वासाची शेकडो संयुगे तयार होतात. या क्रियेचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केले आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कापावर सॉस पसरून तो ओव्हनमध्ये वरच्या तापत्या दांडीखाली दोन-तीन मिनिटे ठेवा. डाग पडू लागले, की लगेच काढा; जास्त ठेवल्यास इतक्या खटपटीने जपलेला सॉस तिथेच तेल सोडील. ओव्हन नसेल तर? तव्यावर झाकण घालून हे साधत नाही. झाकणाखाली वाफ कोंडते, सॉसचा पृष्ठभाग ओलाच राहतो आणि ओल्या पृष्ठभागाचे तापमान १००° से.च्या वर जात नाही. मग मायारची क्रिया कुठून होणार? दांडीकडून येणारी उष्णता प्रारणाने थेट वरच्या थरावर पडते आणि तो आधी कोरडा करते. ओव्हन नसल्यास वरचे शेकणे सोडून द्या. गरम टोस्टवर गरम सॉस तसाही झकास लागतो.

तिसऱ्या तुकड्याचे कोडे

आता वडीच्या चीजकडे वळू. ते मोठ्या आचेवर, मैद्याविना, माझ्यासारख्याच्या हातूनही का फुटले नाही? वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचा. ‘इमल्सिफायर’ किंवा ‘पायसीकारक’ या शब्दापुढे ३३१, ३३९, ४५२ असे आकडे दिसतील. ३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट. बाकीचे दोन म्हणजे निरनिराळे फॉस्फेट क्षार.

स्वित्झर्लंडमधल्या चीजच्या व्यापाऱ्यांना आपला माल उष्ण देशांत टिकावा असे वाटत होते. नुसते तापवून जंतू मारावेत, तर चीज फुटे. १९११ साली वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी चीजमध्ये सोडियम सायट्रेट मिसळून ते तापवले. चीज फुटले नाही! गुळगुळीत होऊन साच्यात ओतता आले आणि थंड झाल्यावर घट्ट बसले. पुढे १९१६ मध्ये अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी चीजवरील अशाच प्रक्रियेचे पेटंट घेतले आणि पहिल्या महायुद्धात डबाबंद चीज सैनिकांपर्यंत पोहोचले.

सायट्रेटची करामत अशी, की ते जाळ्यातले कॅल्शियम पकडते आणि त्याच्या जागी सोडियम देते. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन विद्युतभार असतात, त्यामुळे तो केसीनच्या दोन धाग्यांना दोन हातांनी धरून ठेवू शकतो. सोडियमला हात एकच! पूल तुटतात, धागे सुटे होतात. केसीनच्या धाग्याचा काही भाग पाण्याकडे ओढ घेणारा आणि काही भाग तेलाकडे ओढ घेणारा असतो. त्यामुळे सुटे झालेले धागे तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती अस्तरासारखे बसतात. जे प्रथिन गोळा होऊन तेलाला हाकलत होते, तेच आता तेलाला पाण्यात सांभाळून ठेवते.

म्हणजे मैद्याने, मंद आचेने आणि किसणीने स्वयंपाकी जे साधतो, ते कारखान्यातच वडीत भरून ठेवलेले होते. माझे सारे कौशल्य त्या बारीक अक्षरांत होते!

हे सोडियम सायट्रेट तुम्हाला घरीच करता येईल. किराणा दुकानात मिळणारे खाण्याचे सायट्रिक आम्ल, म्हणजेच लिंबूसत्त्व, आणि खाण्याचा सोडा एवढेच लागते. धुण्याचा सोडा चुकूनही घेऊ नका. समीकरणानुसार १९२ ग्रॅम सायट्रिक आम्लाला २५२ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो आणि २५८ ग्रॅम सोडियम सायट्रेट मिळते. बाकी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. १०० ग्रॅम चीजला साधारण अडीच ग्रॅम सायट्रेट पुरते. तेव्हा २ ग्रॅम आम्ल चार मोठे चमचे पाण्यात विरघळवा आणि त्यात सोडा चिमूटचिमूट टाका. दर वेळी मिश्रण फसफसेल. सुमारे अडीच ग्रॅम सोडा पडल्यावर फसफसणे थांबेल. तिथेच थांबा, नाहीतर सॉसला साबणासारखी चव येईल. वजनकाटा नसेल तर आम्ल आणि सोडा साधारण अर्धा-अर्धा चहाचा चमचा घेऊन फसफसण्यावर लक्ष ठेवावे. हे पाणी गरम करून त्यात किसलेले चेडर मूठमूठ घाला. मैदा नको, लोणी नको.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की वर्गात तीन पातेली शेजारी ठेवावीत : एकात नुसते दूध आणि चेडर, दुसऱ्यात मैदा लावलेले, तिसऱ्यात सायट्रेटचे. तिन्हींखालची आच सारखीच वाढवत न्यावी. कोणते आधी फुटते आणि किती मिनिटांनी, याचा तक्ता मुलांनीच करावा. दुसऱ्या पातेल्यात मैद्याऐवजी बेसन वापरून काय फरक पडतो, तेही पाहण्यासारखे आहे.

पुतण्याने आणलेल्या चेडरचा अर्धा तुकडा फ्रिजमध्ये उरला होता. तो परत जाण्याच्या आदल्या रात्री मी मैदा परतला, पातेले खाली उतरवले, चीज किसले आणि मूठमूठ घातले. सॉस चमच्यावरून रेशमासारखा ओघळला. काप हातात आल्यावर त्याने आधी तो तिरपा करून कडेला तेल सुटले आहे का ते पाहिले, आणि मग खाल्ला. वाटीभर सॉस उरला, तो गार होऊन घट्ट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तोच पावावर थापून, भाजून, डब्यात भरून विमानतळावर नेला.